माध्यम-संमेलनातील भीड आणि तिच्यावर मात

डिजिटल माध्यमांच्या क्षेत्रात काम मिळण्याचा मार्ग पुष्कळदा ओळखीतून जातो. मात्र अनोळखी लोकांनी भरलेल्या सभागृहात पुढे होऊन बोलणे अनेक गुणी कलावंतांना आणि तंत्रज्ञांना जड जाते. हा संकोच कशातून येतो आणि तो कमी कसा करता येतो, याविषयी मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासांनी काही उपयुक्त निष्कर्ष दिले आहेत.

दृकश्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची ‘वेव्हज’ ही जागतिक शिखर परिषद १ ते ४ मे २०२५ या काळात मुंबईत झाली. गोव्यात राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या वतीने २००७ पासून ‘फिल्म बाजार’ भरतो. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास होणारा हा बाजार २०२५ पासून ‘वेव्हज फिल्म बाजार’ या नावाने ओळखला जातो. २०१३ मध्ये गाजलेला ‘द लंचबॉक्स’ हा चित्रपट आपल्या घडणीच्या काळात याच बाजारातून पुढे गेला होता.

अशा ठिकाणी व्यासपीठावरील भाषणे सर्वांसाठी असतात. पुढील कामाची बोलणी मात्र बहुधा चहाच्या टेबलापाशी, भोजनाच्या रांगेत किंवा दोन सत्रांमधील मोकळ्या वेळात सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी बुजरा माणूस मोबाइलच्या पडद्यात डोके घालतो आणि पुढील सत्राची वाट पाहतो. ‘भीड भिकेची बहीण’ ही मराठी म्हण अशा प्रसंगी शब्दशः खरी ठरण्याचा धोका असतो.

जुजबी ओळखीचे मोल

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुबळ्या संबंधांचे सामर्थ्य’ हा विचार मांडला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या व्यक्तींची त्यांनी पाहणी केली. त्यांपैकी केवळ सुमारे १७ टक्के लोकांना ती माहिती वारंवार भेटणाऱ्या व्यक्तीकडून मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या परिचितांकडून मिळाली होती. याचे कारण सोपे आहे. निकटच्या मित्रांना जे ठाऊक असते, ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या वर्तुळातून येते.

‘सायन्स’ या नियतकालिकात सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या विचाराची मोठ्या प्रमाणावर पडताळणी केली. ‘लिंक्डइन’ या संकेतस्थळाच्या दोन कोटींहून अधिक सदस्यांवर पाच वर्षांच्या काळात झालेल्या प्रयोगांचे त्यात विश्लेषण होते. अगदी निकटच्या संबंधांपेक्षा मध्यम प्रमाणात दूरचे संबंध नोकरी बदलण्यास अधिक उपयोगी पडतात, असे त्यात आढळले. विशेष म्हणजे, डिजिटल स्वरूपाच्या उद्योगांत हा परिणाम अधिक ठळक दिसला.

उपशीर्षके लिहिणारे अनुवादक, ध्वनिसंयोजक, संकलक, चित्रफितींचे लेखक अशा पडद्यामागील व्यक्तींसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. यांपैकी अनेकांचे काम कंत्राटी असते. एक प्रकल्प संपला की दुसरा शोधावा लागतो आणि त्यांचे नाव प्रेक्षकांच्या लक्षात राहतेच असे नाही. उत्तम काम करूनही ते कोणी केले, हे योग्य माणसाला ठाऊक नसेल, तर पुढील बोलावणे दुसऱ्याकडे जाते.

संकोच म्हणजे काय?

संकोच आणि अंतर्मुखता या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंतर्मुख व्यक्तीला एकांत आवडतो. संकोची व्यक्तीला लोकांत मिसळण्याची इच्छा असते, परंतु आपले मूल्यमापन होईल या भीतीने ती मागे राहते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी १९७० च्या दशकात संकोचाविषयी व्यापक पाहण्या केल्या. त्यांत सुमारे ४० टक्के लोकांनी आपण संकोची असल्याचे सांगितले. आयुष्यात कधी ना कधी तसे असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक होते. याचाच अर्थ, गजबजलेल्या सभागृहात आपण एकटेच अवघडलेले आहोत, ही समजूत वस्तुस्थितीला धरून नसते.

ही भीती मुख्यतः दोन चुकीच्या अंदाजांवर उभी असते. पहिला अंदाज असा, की सर्वांचे लक्ष आपल्याकडे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, त्यांना लाजिरवाणा वाटणारा सदरा घालून इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. खोलीतील जवळपास निम्म्या लोकांनी ते चित्र ओळखले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच ध्यानात आले होते.

दुसरा अंदाज असा, की समोरच्याला आपण आवडलो नाही. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. प्रथमच भेटलेल्या दोन व्यक्तींच्या संभाषणानंतर दोघांनाही स्वतंत्रपणे प्रश्न विचारण्यात आले. आपण समोरच्याला जितके आवडलो असे लोकांना वाटत होते, त्याहून ते प्रत्यक्षात अधिक आवडलेले होते. संकोची व्यक्तींमध्ये ही तफावत अधिक होती.

संकोची माणसाचे बोलणे तो समजतो तितके वाईट झालेले नसते. ज्या कसोटीवर तो स्वतःला अनुत्तीर्ण ठरवतो, ती कसोटी बहुतेक वेळा त्याच्या मनातच असते. त्यामुळे स्वभाव बदलून बोलघेवडे होण्याची आवश्यकता नाही. चुकीचा अंदाज दुरुस्त होईल, असे छोटे छोटे अनुभव घेत जाणे अधिक फलदायी ठरते.

पूर्वतयारी

संमेलनाला जाण्यापूर्वी कार्यक्रमपत्रिका आणि उपलब्ध असल्यास प्रतिनिधींची यादी पाहून दोन किंवा तीन व्यक्ती निश्चित कराव्यात. ‘खूप लोकांना भेटायचे’ हे उद्दिष्ट संकोची माणसाला घाबरवते. ‘आज दोघांशी बोलायचे’ हे उद्दिष्ट पूर्ण करता येते आणि ते पूर्ण झाल्यावर निःशंकपणे घरी परतता येते.

आपली ओळख एका वाक्यात तयार ठेवावी. तीत पदापेक्षा काम सांगावे. ‘मी स्वतंत्र व्यावसायिक आहे’ या वाक्यावर समोरच्याला पुढे काय विचारावे ते सुचत नाही. ‘मी मराठी आणि हिंदी मालिकांची उपशीर्षके लिहिते, सध्या लहान मुलांच्या मालिकेवर काम सुरू आहे’ या वाक्यात मात्र पुढच्या प्रश्नाला जागा आहे.

शक्यतो वेळेपूर्वी पोहोचावे. उशिरा येणाऱ्याला तयार झालेल्या घोळक्यांत शिरावे लागते. लवकर येणाऱ्याला एकेकटी उभी असलेली माणसे भेटतात आणि त्यांनाही कोणीतरी बोलावे असेच वाटत असते. नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून काम करणे हाही चांगला उपाय आहे. हाती काम असले की बोलण्याला निमित्त मिळते.

छातीत होणारी धडधड दडपण्याचा प्रयत्न सहसा यशस्वी होत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील ॲलिसन वूड ब्रूक्स यांच्या २०१४ मधील प्रयोगांत, भाषणापूर्वी ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. शरीराची अस्वस्थता तीच राहते. तिला दिलेले नाव बदलते.

संभाषण कसे सुरू करावे?

परस्परांकडे पूर्ण वळून बोलणाऱ्या दोघांमध्ये शिरणे अवघड असते. ज्या घोळक्यात एका बाजूला मोकळी जागा आहे, तिथे थांबून क्षणभर ऐकावे आणि मग ‘मी येथे थांबलो तर चालेल का?’ असे विचारावे. आरंभीचा विषय भव्य असण्याची गरज नाही. नुकतेच संपलेले सत्र हा सर्वांचा समान विषय असतो.

संकोची माणसाची सर्वांत मोठी शिदोरी म्हणजे ऐकण्याची सवय. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, संभाषणात अधिक प्रश्न विचारणारी व्यक्ती समोरच्याला अधिक आवडते. त्यातही समोरच्याच्या उत्तराला धरून विचारलेला पुढचा प्रश्न विशेष परिणामकारक ठरतो. ‘आपण काय करता?’ या प्रश्नानंतर लगेच स्वतःची माहिती देण्यापेक्षा ‘या मालिकेत सर्वांत अवघड भाग कोणता वाटला?’ असे विचारल्यास संभाषण आपोआप पुढे सरकते.

संभाषण कसे संपवावे, याची चिंता अनेकांना ते सुरू करण्याइतकीच असते. ‘आपल्याशी बोलून आनंद झाला. आपण सांगितलेला कार्यक्रम मी आजच ऐकेन,’ असे म्हणून नम्रपणे निरोप घेण्यात काहीही गैर नाही. दुसऱ्या दिवशी तीन-चार ओळींचा संदेश पाठवावा. त्यात भेटीतील एखाद्या गोष्टीचा उल्लेख असावा आणि पहिल्याच संदेशात काम मागू नये. लिहिण्यात सहज असणाऱ्या अबोल व्यक्तीला येथे आपली बाजू भक्कम करता येते.

भाषेची भीड

भारतातील अशा संमेलनांत संकोचाला आणखी एक पदर असतो, तो इंग्रजीचा. लहान शहरांतून आलेल्या किंवा मातृभाषेतून शिकलेल्या अनेकांना कामात आत्मविश्वास असतो. बोलताना मात्र व्याकरण चुकेल ही धास्ती वाटते. अशा वेळी आपल्या क्षेत्रातील नेमके शब्द आणि आपली ओळख सांगणारी दोन वाक्ये इंग्रजीत तयार ठेवून पुढील संभाषण हिंदीत किंवा सोयीच्या भाषेत करण्यास हरकत नसावी. भारतीय भाषांतील आशय तयार करणाऱ्या संस्थांना त्या भाषा उत्तम जाणणारी माणसे हवी असतात. त्यामुळे दिल्ली, बंगळुरू किंवा हैदराबाद येथील संमेलनात मराठीवरील प्रभुत्व ही सांगण्यासारखी पात्रता आहे.

आयोजकांची जबाबदारी

सर्व भार संकोची व्यक्तीवर टाकणे योग्य नाही. दुरून वाचता येतील अशी नावाची ओळखपत्रे, बसण्याच्या मोकळ्या जागा, संगीताचा मर्यादित आवाज आणि आधीच ठरवून दिलेल्या भेटी यांमुळे अबोल माणसांनाही समान संधी मिळते. सहनिर्मितीसाठीच्या बाजारांत निर्माते आणि गुंतवणूकदार यांच्या भेटींच्या वेळा आधी ठरवण्याची पद्धत आहे. ती लहान मेळाव्यांतही स्वीकारता येण्यासारखी आहे.

प्रत्येक अस्वस्थता ही संकोच नसते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. एखाद्या व्यक्तीचे वागणे सलगीचे किंवा अपमानास्पद वाटत असेल, तर तेथून निघून जाणे आणि आयोजकांकडे तक्रार करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. नोकरी किंवा कामाच्या आशेने असे वागणे सहन करणे म्हणजे संकोचावर मात करणे नव्हे.

मदत केव्हा घ्यावी?

लोकांसमोर जाण्याची भीती सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहिली, तिच्यामुळे काम टाळले जाऊ लागले किंवा शारीरिक त्रास होऊ लागला, तर तो सामाजिक चिंताविकार असू शकतो. विचार आणि वर्तन यांवर आधारित उपचारपद्धती त्यावर परिणामकारक ठरली आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी निःशुल्क सल्ला मिळतो आणि तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न सरावाचा असतो. पहिल्या मेळाव्यात एकाशी झालेले पाच मिनिटांचे बोलणे पुरेसे आहे. पुढील मेळाव्यात तीच व्यक्ती ओळखीची म्हणून भेटते आणि बहुधा तीच दुसऱ्या कोणाशी तरी ओळख करून देते.