एक लक्ष चित्रांचे रामायण

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात नित्य फिरावयास जाणाऱ्या मला झाडीचे अप्रूप राहिलेले नाही; तरीही 2025 सालच्या प्रारंभी उपनगरातील एका चित्रगृहात नातवास शेजारी बसवून जपानी कुंचल्याने रंगविलेले रामाचे अरण्य पाहिले, तेव्हा दुसऱ्या दिवशी उद्यानातील पायवाट मला नव्याने दिसली. जपानी चित्रपटात निसर्ग केवळ देखाव्यापुरता नसतो, तो पात्रांइतकाच कथेत सहभागी असतो. 1952 साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात आलेल्या कुरोसावांच्या 'राशोमोन'मधले रानही तसेच आहे.

'रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम' हे या चित्रपटाचे नाव. 1983 साली प्रयागनजीकच्या उत्खननावर माहितीपट करण्यासाठी आलेल्या जपानी दिग्दर्शक युगो साको यांना रामकथेचा लळा लागला आणि त्यांनी तिचे दहा जपानी अनुवाद वाचून काढले. परकीयांनी रामायणास हात घालू नये अशी तक्रार जपानी वकिलातीपर्यंत गेली. त्यामागचा गैरसमज मिटविण्यात बराच काळ खर्ची पडला आणि प्रत्यक्ष कामास 1990 साली आरंभ झाला.

दिग्दर्शनात साको व कोइची सासाकी यांच्या जोडीला मुंबईचे राम मोहन होते. फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट शाखेत ते 1956 साली रुजू झाले, तेथेच डिस्नेच्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झाले आणि 1972 साली त्यांनी स्वतःची संस्था काढली. सुमारे साडेचारशे कलावंतांनी मिळून जवळपास एक लक्ष चित्रे हाताने सिद्ध केली. हे काम डोळ्यांसमोर आणावे : पारदर्शक तक्त्यावर पात्राची बाह्यरेषा उतरवायची, रेषा झाकू नये म्हणून रंग उलट बाजूने भरायचा, तो वाळला की तक्ता पार्श्वचित्रावर अचूक बसवून वरच्या कॅमेऱ्याने एकच चौकट टिपायची, अशा चोवीस चौकटी सरल्या म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद होतो. धोतर कसे नेसतात, वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद लेकरे कशी घेतात, हे भारतीय चित्रकारांनी जपानी सहकाऱ्यांना समजावून दिले. संगीत वनराज भाटियांचे. ज्या तपशिलांकडे आपले लक्षही जात नाही, ते परमुलखातील कारागिरांनी विचारून घेतले, आणि माझ्या मते या चित्रपटाचा खरा भक्तिभाव संवादांपेक्षा या विचारपुशीत आहे.

चित्रपट 1992 साली पुरा झाला, दिल्लीच्या महोत्सवात 1993 साली दाखविला गेला. परंतु अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेल्यानंतरच्या त्या दिवसांत त्याला देशातील चित्रगृहे रीतसर लाभली नाहीत. एका पिढीने तो दूरचित्रवाणीच्या लहान पडद्यावर पाहिला, आणि तीच पिढी आता आपल्या मुलांना घेऊन चित्रगृहात आली होती.

चित्रगृहांत तो रीतसर प्रदर्शित झाला 24 जानेवारी 2025 रोजी. साको 2012 साली आणि राम मोहन 2019 साली निवर्तले होते.