खिशातली चावडी

पूर्वी गावात काही जाहीर करावयाचे असले म्हणजे कोतवाल दवंडी पिटीत फिरे. दवंडी वरून खाली येई. खालून वर जाण्यास तिला वाट नव्हती. आमचा जिल्हा तर 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामी अमलात होता. साधी सभा भरवावयाची, तरी सरकारची परवानगी लागे. त्या दिवसांच्या हकिकती मी वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्या आहेत. म्हणूनच आज उमरग्यापासून परंड्यापर्यंत कोणत्याही पारावरचा गडी खिशातून मोबाइल काढून थेट मंत्र्याला चार शब्द सुनावतो, तेव्हा मला त्याचे मोठे नवल वाटते. चावडी उठली आणि खिशात जाऊन बसली, असेच म्हणा ना! प्रश्न एवढाच, की या खिशातल्या चावडीवर बोललेले कुणाच्या दप्तरी चढते काय?

हे स्थित्यंतर फार जुने नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी. पण आमच्या वाड्यावस्त्यांवर ते खऱ्या अर्थाने आले 2016 नंतर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्याच वर्षीच्या ऑगस्टात मराठा क्रांती मूक मोर्चे सुरू झाले. पहिला औरंगाबादेस निघाला आणि पाठोपाठ आमच्या उस्मानाबादेस. जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले ते पुढे, 2023 मध्ये. त्या मोर्चांत घोषणा नव्हत्या, पुढाऱ्यांची भाषणे नव्हती. पण लाखोंचा समुदाय शिस्तीने चालला. मोर्चाचे निरोप व्हॉट्सॲपवरून गावोगाव गेले होते. पुढाऱ्याच्या गाडीवाचून माणसे जमू शकतात, हे त्या दिवसांत सर्वांनाच उमगले.

पुढे आणखी एक प्रसंग आला. जिल्हा परिषदेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनीच कारभार पाहिला. गटाचा सदस्य नाही, पंचायत समितीला सभापती नाही. मग डीपी जळाली तर सांगावयाचे कुणाला? लोकांनी सरळ खासदारांना फोन लावले. खासदार ओमराजे निंबाळकर आपला फोन स्वतः उचलतात, अशी त्यांची ख्याती आहे. अधिकाऱ्यांशी झालेली त्यांची संभाषणे समाजमाध्यमांवरून जिल्ह्याबाहेरही ऐकली गेली. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत ते तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. त्या विजयाला कारणे अनेक असतील. राजकारणाच्या भानगडीत मला शिरावयाचे नाही. पण काम होण्याइतकीच, आपले म्हणणे कोणीतरी ऐकले याचीही माणसाला भूक असते, एवढे त्यावरून ध्यानी यावे.

कळंबकडच्या एका शेतकऱ्याने मात्र मला एकदा निरुत्तर केले. तो म्हणाला, “मास्तर, फोनवर सायबानं हो म्हणलं बगा. पण हो म्हणल्याची पोच कुटं घ्यावी?” त्याचे बोलणे साधे होते, पण मुद्द्याचे होते. जळालेली डीपी बदलून मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो फोनाफोनीने मिळू लागला, की हक्काची मेहेरबानी होते. आणि जिला साहेबाला फोन लावण्याचे धाडस होत नाही, त्या एकट्या बाईने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

मोबाइलने एक मोठे काम केले, ते नाकारता येणार नाही. अधिकाऱ्यांवर रयतेची नजर बसली. 2025 च्या सप्टेंबरात भूम-परंडा भागात पुराने थैमान घातले. बुडालेल्या पिकांची दृश्ये, पंचनाम्याला तलाठी येण्याआधीच, मोबाइलवरून दूरदूर पोहोचली. त्याच दिवसांत तुळजापूरच्या नवरात्र महोत्सवातील कार्यक्रमात जिल्हाधिकारी नृत्य करीत असल्याची चित्रफीत पसरली आणि लोकांनी टीकेची झोड उठवली. काही क्षणांच्या फितीवरून एखाद्याच्या सबंध दिवसाच्या कामाचा निवाडा करणे रास्त नव्हे, हे खरे. पण साहेब काय करतात हे आता झाकून राहत नाही, हेही तितकेच खरे.

मात्र हीच नजर फसते तेव्हा काय अनर्थ होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. मारले गेलेले मात्र भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यांतले बहुतेक आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले. आमच्या तुळजापूरच्या वाटेवर बारा महिने भिक्षेकऱ्यांची ये-जा असते. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे ढकलता येऊ नये, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. पण संदेश पुढे ढकलणाऱ्या अंगठ्याला मर्यादा शेवटी ज्याची त्यानेच घालावयाची असते.

आता ग्रामसभेकडे वळू. कायद्याने तिच्या गणपूर्तीला गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 1024 जण मावतात! गावच्या ग्रुपवर नळाच्या पाण्यावरून मध्यरात्रीपर्यंत रणे माजतात आणि ग्रामसभेला मात्र 100 डोकी जमत नाहीत. सभा तहकूब होते. खरी मौज पुढेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरली, की तिला गणपूर्तीची अटच उरत नाही. म्हणजे ग्रुपवर शंभर जण भांडत असता इकडे दहा जण ठराव करून मोकळे होतात. आणि कायद्याच्या दृष्टीने गावाचे मत ठरते ते त्या दहांचेच!

दप्तराचे हे बळ आमच्या जिल्ह्याने आणखी एका प्रसंगी अनुभवले आहे. 2020 च्या खरिपात ऐन काढणीच्या वेळी अतिवृष्टी झाली आणि सोयाबीन पाण्यात गेले. पीकविम्याची अट अशी, की नुकसानीची सूचना 72 तासांच्या आत द्यावयाची. शेतात गुडघाभर चिखल, वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. सूचना द्यावयाची कशी? मुदतीत कळविले नाही, या सबबीवर साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांची भरपाई अडली. त्या काळात समाजमाध्यमांवर संतापाला तोटा नव्हता. पण संतापाने विमा कंपनी हलली नाही. हलली ती शेतकरी न्यायालयात गेले तेव्हा. तिथे सरकारी पंचनाम्यांचे कागद कामी आले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 2022 च्या मे महिन्यात शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला.

यावरून मोबाइल फेकून द्यावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. मोबाइलने हाक मारता येते, माणसे जमविता येतात, पुरावा टिपता येतो. मात्र हाक मारली म्हणजे दाद मिळाली, असे समजण्याची एक नवी सवय आपणां सर्वांना लागली आहे. संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे समोरच्याने तो वाचला एवढेच ठरते. कचेरीतल्या आवक-जावकाच्या वहीत क्रमांक पडला, म्हणजे उत्तर देणे कुणाच्या तरी अंगावर पडते. 2005 चा माहितीचा अधिकार आणि 2015 चा लोकसेवा हक्क कायदा, दोन्ही उभे आहेत ते अर्जावर आणि त्याच्या तारखेवर.

तेव्हा, वाचकहो, डीपी जळाली तर खुशाल फोटो काढा, ग्रुपवर टाका, खासदार-आमदारांनाही फोन लावा. पण त्याच दिवशी अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्या आणि दुसरीवर शिक्का घ्या. दिवाळीनंतरची ग्रामसभा बहुतेक गावी 26 जानेवारीला भरेल. तिचा निरोप ग्रुपवर आधी आठ दिवस फिरवा. ग्रुपावर भांडणाऱ्यांपैकी शंभर जण जरी त्या सकाळी शाळेच्या पटांगणात येऊन बसले, तरी सभा तहकूब होणार नाही आणि नळाच्या पाण्याचा ठराव दहांच्याऐवजी शंभरांच्या साक्षीने लिहिला जाईल.