चित्राखालील चार शब्द

उन्हाळ्याची सुटी लागून पुण्या-नाशिकाकडील मुले चोपड्यास आली म्हणजे आमचे माजघर दुपारभर गजबजून जाते. बाहेर खानदेशचे ऊन. दार उघडण्याची सोय नाही. पूर्वी अशा दुपारी भेंड्या चालत, पत्त्यांचे डाव रंगत. यंदा पाहतो तो सहा डोकी एका मोबाईलवर वाकलेली, आणि मधूनच हास्याचा स्फोट. चौकशी करता कळले की, मंडळी 'मीम' रचीत आहेत.

हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७६ साली आपल्या ग्रंथात, अनुकरणवाचक ग्रीक शब्दावरून घडविला. आपल्या मीमांसेशी त्याचे काही नाते नाही, हे आम्हांस खेदाने नमूद करावे लागते. प्रकार साधा आहे. सर्वांच्या परिचयाचे एक चित्र घ्यावयाचे. ते बदलावयाचे नाही. त्यावर वा त्याखाली नवी ओळ मात्र लिहावयाची. आम्हांस चटकन समस्यापूर्ती आठवली. तीतही शेवटचा चरण दुसऱ्याने दिलेला असतो, आणि उरलेले तीन असे रचावयाचे की तो चरण तेथेच जन्मला असे वाटावे. भोज-कालिदासांच्या आख्यायिकांत नुसत्या ठकारांचा एक निरर्थक चरण समस्या म्हणून येतो. (हे दोघे एका काळी नव्हते, हे आम्ही जाणतो, आख्यायिकेस त्याची फिकीर नसते.) कवीने काय करावे? रामाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याची घागर निसटली आणि जिन्यावरून गडगडत गेली, असा प्रसंग त्याने बांधला. आणि निरर्थक ठकार घागरीचा आवाज होऊन बसले!

मुलांपुढील चित्र एका क्रिकेटप्रेमी गृहस्थाचे होते. १२ जून २०१९ रोजी इंग्लंडातील टाँटन येथे विश्वचषकाच्या सामन्यात पाकिस्तानच्या आसिफ अलीने ऑस्ट्रेलियाच्या वॉर्नरचा झेल सोडला. त्या क्षणी दोन्ही हात कमरेवर ठेवून, निराशेने पाहत उभा राहिलेला सारिम अख्तर नावाचा प्रेक्षक कॅमेऱ्यात सापडला, आणि तेव्हापासून जगभर त्याच्या चित्राखाली ओळी लिहिल्या जात आहेत. आमच्या नातवाने लिहिले होते, "लाइट कव्हय येई?" रात्री दोन वाजता केळीच्या बागेत पंपाशी उभा असलेला आमचा अहिराणीभाषी शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्यास अधिक सांगणे नको. सूनबाईंची ओळ अशी: "म्हणाले, साधंच काही करा, पाहुणे अकरा."

आम्हांसही हुरूप आला. आम्ही लिहिले, "ज्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेचे पहिलेच पान कोरे आहे त्याने उठून पुरवणी मागितली असता पर्यवेक्षकाच्या मुद्रेवर उमटलेला विषाद." पुतण्याची मुलगी म्हणाली, "आजोबा, ही ओळ नव्हे, निबंध झाला." तिने तो तासून केला: "पहिले पान कोरे, मागतो पुरवणी." अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणास पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात, येथे तर आमची सारी ओळच वाचली. तिने 'विषाद' का गाळला, हे आम्ही विचारले. "तो तोंडावर दिसतोच आहे की," ती म्हणाली.

या एका उत्तरात त्या खेळाचे सारे शास्त्र आहे. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने रस निष्पन्न होतो, असे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितले आहे. चित्रातील कमरेवरचे हात हा अनुभाव; तो तयारच आहे. उणीव असते ती विभावाची, म्हणजे भाव कशामुळे उत्पन्न झाला त्या कारणाची. ओळीने तेवढेच पुरवावे. जो 'बिचारा निराश झाला' असे लिहितो, तो दिव्याखाली 'दिवा' अशी पाटी लावतो. मराठी मीमांत सर्वाधिक वावरणाऱ्या 'अशी ही बनवाबनवी' या १९८८ च्या चित्रपटातील प्रसंगांचेही असेच आहे. बायकोची ओळख करून देताना धनंजय माने पुल्लिंगी सर्वनाम वापरून जातो, त्या मुद्रेखाली मुले परीक्षेपासून पगारापर्यंत काहीही बसवितात. व्याकरणाच्या चुकीने इतके लोक हसतात, हे पाहून जन्मभर लिंगविचार शिकविल्याचे सार्थक वाटते.

परंतु येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही. गतवर्षी घरच्या मुंजीत आमच्या वहिनी लोडास टेकून, तोंड किंचित उघडे टाकून, पेंगल्या होत्या. एका नातवाने छायाचित्र घेतले व खाली लिहिले, "पंगत बसली की उठवा." आम्ही हसलो, हे लपविण्यात अर्थ नाही. सायंकाळपर्यंत चित्र व्याह्यांच्या घरी पोहोचले. तेथून फोनवर कोणी वहिनींना थट्टेने विचारले, "काय, बसली का पंगत?" त्यांना उलगडा झाला नाही. मग कोणीतरी चित्र दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री भूक नाही म्हणाल्या. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या पहाटे चारपासून पुरण वाटीत होत्या, हे त्या छायाचित्रात कोठे दिसणार?

शास्त्रदृष्ट्या ती ओळ निर्दोष होती. चारच शब्द, भावाचा उच्चार नाही. विभाव मात्र खोटा होता. अख्तराच्या चित्राखालील पाहुणे किंवा पुरवणी हे सोंग आहे, हे जग जाणते. तो नटासारखा झाला आहे. घरच्या माणसाच्या चेहऱ्याखालील ओळ सोंग म्हणून कोणी वाचीत नाही, ती साक्ष ठरते. परक्यालाही ती लागतेच. बुडापेस्टचे निवृत्त अभियंते आंद्राश अरातो यांनी जाहिरातींकरिता छायाचित्रे काढून दिली होती. २०११ च्या सुमारास त्यांना आढळले की, आपले कसनुसे हसू जगाच्या चेष्टेचा विषय झाले आहे. प्रथम ते खिन्न झाले. पुढे त्यांनीच ती भूमिका स्वीकारली. पण तो निर्णय त्यांचा होता. वहिनींना कोणी विचारले नव्हते. नातवाने चित्र पुसले, पाया पडून क्षमा मागितली. दुसऱ्यांच्या मोबाईलांत गेलेल्या प्रती काही परत आल्या नाहीत. तेव्हापासून कोणी मोबाईल वर धरला की वहिनी पदर तोंडावर घेतात.

गेल्या रविवारी मुले अशीच हसत असता वहिनी झोपाळ्यावरून म्हणाल्या, "एवढं काय आहे रे त्यात?" नातू जरा बिचकला. मग त्याने त्या टाँटनच्या गृहस्थाचे चित्र त्यांच्यापुढे धरले. वहिनींनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाल्या, "याची शेवटची एस. टी. गेली वाटतं."

माजघर हसून कोसळले. नातवाने ती ओळ जशीच्या तशी लिहून काढली, आणि पाठविण्यापूर्वी विचारले, "मोठी आजी, पाठवू का?"

"पाठव," वहिनी म्हणाल्या. "माझं नाव मात्र घालू नकोस."