मीठ, साखर आणि आतड्यातले उघडे दार

पटकी म्हणजे कॉलरा. या रोगाने माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. तांदळाच्या धुवणासारखे पांढरट जुलाब सुरू होतात आणि जोर वाढला की मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी निघून जाते. डोळे खोल जातात, आवाज बसतो, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते, नाडी लागेनाशी होते. सकाळी शेतावर गेलेला माणूस रात्रीपर्यंत दगावल्याची उदाहरणे पूर्वी सगळीकडे होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या वेशीवर मरीआईचे ठाणे आहे, ते याच भीतीपोटी.

पाणी गेल्याने मरण येत असेल तर पाणी परत द्यावे, हा उपाय आज कोणालाही सुचेल. पण त्याला वैद्यकाची मान्यता मिळायला जवळजवळ दीडशे वर्षे लागली. १८३१ साली पटकीची साथ इंग्लंडमध्ये पोचली, तेव्हा विल्यम ओशॉनेसी या तरुण आयरिश डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासले आणि त्यातले पाणी व क्षार कमी झाल्याचे दाखवले. त्यावरून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ येथे टॉमस लट्टा यांनी मिठाचे पाणी थेट शिरेत सोडले. निपचित पडलेले काही रुग्ण त्यांच्या डोळ्यांदेखत उठून बसले. मात्र त्या काळी जंतूंचे ज्ञान नव्हते आणि द्रावण निर्जंतुक नसे. साथ ओसरली तशी ही पद्धतही मागे पडली. रक्त काढणे आणि पाऱ्याची औषधे देणे, म्हणजे आधीच सुकलेल्या रुग्णाला आणखी सुकवणे, हेच उपचार पुढे चालू राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी सलाईनचा उपचार पुन्हा उभा केला आणि मृत्यू बरेच घटले. तरीही सलाईनला निर्जंतुक बाटली, सुई आणि शीर शोधणारा जाणता हात लागतो. पटकी येते ती या तिन्हींचा तुटवडा असतो तिथे.

पाणी तोंडावाटे का देत नव्हते, याचे उत्तर एका चुकीच्या समजुतीत आहे. पटकीत आतड्याचे अस्तर सोलवटून निघते, त्यामुळे प्यायलेले काहीच शोषले जाणार नाही, असे डॉक्टर मानत. जुलाब लागलेल्या मुलाचे पाणी तोडून त्याच्या पोटाला ‘आराम’ देण्याची रीतही याच समजुतीला धरून होती. तिने किती मुलांचे प्राण घेतले असतील याची मोजदाद करता येणार नाही.

ही समजूत मोडली ती प्रयोगशाळेत. कोलकात्याचे शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले की पटकीचे जंतू गाळून काढलेला द्रवसुद्धा सशाच्या आतड्यात पाणी साठवतो. याचा अर्थ रोगाचे मूळ जंतूंनी सोडलेल्या विषात होते. पुढे उलगडले ते असे. हे विष अस्तरातल्या पेशींना क्लोराइड बाहेर टाकत राहायला भाग पाडते आणि त्याच्या मागोमाग सोडियम आणि पाणी वाहून जाते. अस्तराला जखम मात्र होत नाही. साध्या साधनांवर केलेले डे यांचे हे काम विसाव्या शतकातल्या भारतीय विज्ञानात फार वरच्या पायरीवर ठेवावे लागेल. १९७८ मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले, पण मायदेशी त्यांची कदर फार उशिरा झाली.

दुसरा धागा युरोपातला. अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग येथील परिषदेत एक कल्पना मांडली. लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक असतो आणि तो ग्लुकोजला एकटे आत घेत नाही. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणीही शोषले जाते. क्रेन यांना शोधायचे होते ते साखर पेशीत कशी शिरते एवढेच, पटकी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. पण पटकीच्या विषाने मीठ शोषण्याची एरवीची वाट अडली, तरी साखर आणि मिठाचे हे जोडीचे दार उघडेच राहते. नुसते पाणी किंवा मिठाचे पाणी पाजून जे साधत नाही, ते त्यात साखर घातल्याने साधते.

खरे तर कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्येच मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून पटकीचे रुग्ण बरे केल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले होते. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि असे का घडते हे तेव्हा सांगता येत नव्हते. जगाने त्याकडे पाहिले नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मनिलातील एका प्रयोगात उलटच घडले. द्रावण फार दाट होते आणि काही रुग्ण दगावले. दाट द्रावण पाणी शरीरात घेण्याऐवजी आतड्यात ओढून आणते, त्यामुळे प्रमाण चुकले की औषधच घातक ठरते. मोजमापाचा हा प्रश्न १९६८ मध्ये ढाक्यात सुटला. डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश हे तिशीही न गाठलेले डॉक्टर रुग्णाच्या अंगातून जितके पाणी जाईल तितके मोजून पाजत राहिले. सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली.

तरीही हे सगळे रुग्णालयात, जाणकारांच्या नजरेखाली चालले होते. खरी कसोटी १९७१ मध्ये लागली. बांगलादेश मुक्तिसंग्रामात सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि सीमेवरच्या बनगाव येथील छावण्यांमध्ये पटकी शिरली. बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस तिथे पोचले, तेव्हा रुग्णालयाच्या खोल्यांत रुग्ण जमिनीवर पडलेले होते आणि उपचार करायचे तर उलटी-जुलाबाच्या घाणीतच गुडघे टेकून बसावे लागे. सलाईनचा साठा संपत आला. महालनबीस यांनी मग एक निर्णय घेतला. २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा हे एक लिटर पाण्याचे प्रमाण ठरले. कोलकात्यात पुड्या भरल्या गेल्या, छावणीत पिंपांत द्रावण कालवले गेले आणि पाजायचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले गेले.

मोठ्या प्रमाणावर असे कोणी केलेले नव्हते आणि अपयश आले असते तर सगळा दोष त्यांच्या माथी आला असता. पण सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरले. आई, भाऊ, शेजारी पेला घेऊन उशाशी बसले आणि रुग्ण वाचले. त्या छावणीत सिद्ध झाले ते हे, की पाजणारा डॉक्टर किंवा परिचारिका असायलाच हवी असे नाही. औषधाच्या शोधाइतकीच ही गोष्ट मोलाची होती. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने पुड्यांचे प्रमाण ठरवून दिले आणि त्या जगभर गेल्या. सुरुवातीच्या पुडीत पोटॅशियमची भर पडली. दमट हवेत टिकावे म्हणून सोड्याच्या जागी सायट्रेट आले. २००२ पासून मीठ आणि ग्लुकोज कमी करून द्रावण आणखी सौम्य केले गेले. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० च्या दशकात पुडीचीही वाट पाहिली नाही. तिच्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचे मिश्रण शिकवत. आयांना ते नंतर किती आठवते यावर कार्यकर्तीचा मोबदला ठरे. अशी एक कोटी वीस लाखांहून अधिक घरे झाली. १९८० च्या सुमारास जगात पाच वर्षांखालची अंदाजे ४६ लाख मुले दरवर्षी जुलाबाने मरत. आज तो आकडा पाच लाखांच्या आत आहे. स्वच्छ पाणी, लसी आणि चांगला आहार यांचाही त्यात वाटा आहे, पण या द्रावणाचा वाटा मोठा आहे.

मराठीत या द्रावणाला जलसंजीवनी हे नाव मिळाले. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाड्यांमधून तिच्या पुड्या मोफत मिळतात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या भारतीय मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांनाच ती मिळाल्याचे दिसले. स्वस्त पुडीपेक्षा इंजेक्शनवर अधिक भरवसा ठेवण्याची सवय अजून गेलेली नाही आणि ही खेदाची गोष्ट आहे.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून ते वापरता येते. साखर वाढवू नये. शीतपेये किंवा बाटलीतले गोड रस देऊ नयेत, कारण मनिलातल्या दाट द्रावणासारखे तेही आतड्यात पाणी ओढतात. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा पाजावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध चालू ठेवावे. २००४ पासून सोबत १० ते १४ दिवस जस्त, म्हणजे झिंकच्या गोळ्या देण्याची शिफारस आहे. मूल गुंगीत असेल, पिऊच शकत नसेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर मात्र त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.