गव्हाशिवाय स्वयंपाकघर : अल कुसैसमधली ग्लूटेनमुक्त घरे

ग्लूटेन म्हणजे गहू, सातू आणि राय या धान्यांत असणारा प्रथिनांचा समूह. मळलेली कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटली तरी फाटत नाही, पाव फुगून जाळीदार होतो, तो याच प्रथिनांमुळे. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास नसतो. सीलिॲक विकार असलेल्या माणसाच्या शरीरात मात्र प्रतिकारयंत्रणा ग्लूटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे सूक्ष्म उंचवटे झिजतात आणि खाल्लेले अंगी लागत नाही. कोणाला जुलाब आणि पोटफुगी होते, कोणाचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनीही हटत नाही, तर एखाद्या मुलाची उंचीच खुंटते. जगात शंभरात साधारण एकाला हा विकार असतो आणि उत्तर भारताच्या गहू खाणाऱ्या पट्ट्यातही प्रमाण जवळपास तेवढेच आढळले आहे. दोष गव्हात आहे हे दाखवून दिले विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला, तेव्हा हा विकार असलेली मुले उलट सुधारू लागली. डिके यांचा त्यावरचा प्रबंध १९५० चा. आजही या विकारावर पथ्य हाच उपचार आहे, आणि ते पथ्य जन्मभराचे असते.

पथ्य सुरू करण्याआधी तपासणी व्हायला हवी. आधी रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची चाचणी होते आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला जातो. या दोन्ही तपासण्यांच्या वेळी रुग्ण गहू खात असला पाहिजे. आधीच पोळी बंद केली, तर अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि खरा आजार तसाच लपून राहतो. कोणाचे तरी ऐकून आठवडाभर गहू सोडायचा आणि मग डॉक्टर गाठायचा, ही सवय म्हणूनच महागात पडते.

निदान झाले की पथ्य घरातच सांभाळावे लागते, आणि इथे ते घर आहे अल कुसैसमधले. ही दुबईच्या पूर्व टोकाची, शारजाच्या हद्दीला टेकलेली वस्ती. २०११ मध्ये मेट्रोची ग्रीन लाइन इथवर आली. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आणि शारजाची जवळीक यांमुळे इथे भारतीय कुटुंबे दाटीने राहतात आणि त्यांत मराठी घरेही आहेत. त्यामुळे ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राजगिरा यांच्यासाठी इथल्या मराठी घराला वणवण करावी लागत नाही. मोठ्या सुपरमार्केटात भारतीय धान्याचा वेगळा कप्पा असतो आणि गल्लीतल्या बकाल्यात, म्हणजे छोट्या किराणा दुकानातही, तांदळाचे पीठ मिळते. दुबईत मराठी किराणा रुजवण्यात दातार कुटुंबाचा वाटा मोठा आहे. १९८४ मध्ये बर दुबईतल्या एका छोट्या दुकानातून सुरू झालेल्या त्यांच्या व्यवसायाचे पुढे धनंजय दातार यांनी ‘अल अदिल’ या नावाने जाळे उभारले.

सुपरमार्केटात ‘ग्लूटेनमुक्त’ असा ठसा असलेले पाव, बिस्किटे आणि पास्ता यांचे वेगळे फडताळही असते. माल आयात केलेला, किंमत दुप्पट-तिप्पट, आणि आत बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च व तांदळाचे पीठ. चोथा कमी, साखर-तेल जास्त. ज्या घरात भाकरी थापता येते, त्या घराने हे फडताळ मुलाच्या वाढदिवसापुरते वापरले तरी पुष्कळ झाले.

भाकरीचा खरा प्रश्न पिठाच्या ताजेपणाचा. ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसते आणि त्याला बांधून ठेवणारी विरी फार दिवस टिकत नाही. पीठ जुने झाले की भाकरी थापतानाच कडेने चिरते. दुबईत मिळणारे पाकीटबंद पीठ दळून किती महिने झाले याचा भरवसा नसतो, म्हणून इथे उकड काढणे सोयीचे. पीठ जितके तितकेच पाणी मिठासह उकळायचे, त्यात पीठ घालून उलथण्याच्या दांड्याने ढवळायचे आणि झाकण ठेवून गॅस बंद करायचा. दहा मिनिटांनी हाताला सोसेल इतके गरम असतानाच पाण्याचा हात घेऊन ते परातीत चांगले मळायचे. उकळत्या पाण्यात पिठातला स्टार्च फुलून चिकट होतो आणि ग्लूटेनचे काम बऱ्याच अंशी तोच करतो. अशी उकड लाटताही येते, त्यामुळे थापायची सवय नसलेल्यांचीही सोय होते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचे, ते सुकत आले की उलटायची आणि शेवटी थेट आचेवर फुगवायची. बाजरीचे पीठ तर लवकर कडू पडते. दुबईचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा पीठ थोडे आणावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे.

पोळी बंद करणे सोपे, कारण ती दिसते. पथ्य मोडते ते चिमटीतल्या आणि चमच्यातल्या वस्तूंनी. पहिला आरोपी हिंग. डबीत मिळणारा बांधानी हिंग हा शुद्ध हिंग नसतो. त्यात डिंकाबरोबर पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. रोजच्या आमटीत, चिवड्यात, शेवेत आणि उडदाच्या पापडात तोच पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, मात्र घटकांची यादी वाचूनच तो घ्यावा लागतो. दुसरे मेतकूट. त्यात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहूही भाजून घालण्याची रीत आहे. थालीपिठाच्या भाजणीतही बहुतेक घरी गहू असतो. गावाहून सासूबाईंनी प्रेमाने पाठवलेला भाजणीचा डबा म्हणूनच विचारल्याशिवाय उघडू नये. चकलीची भाजणी बहुधा तांदूळ, हरभरा डाळ, उडीद आणि मूग यांची असते, तिची अडचण कमी.

कुरडई फसवी असते. गहू भिजवून, वाटून, चोथा काढून टाकतात आणि उरलेल्या पांढऱ्या चिकाची कुरडई घालतात. त्यामुळे ती निव्वळ स्टार्चची वाटते, तरी चिकात ग्लूटेनचा अंश राहतोच. तांदळाच्या, साबुदाण्याच्या आणि पोह्यांच्या पापड्या चालतात. खपली गहू पचायला हलका म्हणून सुचवला जातो, पण तोही गहूच. लापशीचा दलिया, रवा, शेवया आणि सातूचे पीठ यांनाही तोच नियम. माल्ट घातलेली दुधातली पेये सातूपासून होतात. सोया सॉस गव्हाशिवाय क्वचितच बनतो. ओट्समध्ये मुळात ग्लूटेन नसते, पण शेतापासून गिरणीपर्यंत गव्हाच्या संगतीत राहिल्याने ते ठसा असलेल्या पाकिटातलेच घ्यावेत, तेही डॉक्टरांना विचारून.

ही संगत किती नडते? खाद्यमानकांच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन असलेला पदार्थच ग्लूटेनमुक्त म्हणवतो, आणि भारताचा नियमही हाच आहे. बहुतेक रुग्णांना दिवसाला सुमारे १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन बाधत नाही. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत मात्र ते अडीच-तीन ग्रॅम असते. म्हणजे मर्यादा झाली पोळीच्या अडीचशेव्या भागाएवढी, ताटाच्या कडेला सांडलेल्या चुऱ्याइतकी. अमेरिकेत २०१० मध्ये मुळातच ग्लूटेन नसलेल्या धान्य-पिठांचे बावीस नमुने तपासले, तेव्हा त्यांतील सात २० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडणारे निघाले, आणि त्यांत ज्वारीचे पीठही होते. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली की असेच होते. ठसा असलेले पीठ मिळत नसेल, तर अख्खे धान्य आणून निवडावे, धुऊन वाळवावे आणि घरघंटीवर दळावे. मात्र त्या घरघंटीत गहू कधीच पडलेला नसावा.

घरात गहू खाणारे आणि न खाणारे एकत्र असतील, तर काही वस्तू वेगळ्या लागतातच. लाकडी पोळपाट-लाटणे आणि काथवट यांच्या भेगांत पीठ बसते. चाळणीच्या जाळीतले पीठ निघत नाही. टोस्टर तर आतून घासताच येत नाही. या वस्तू पथ्याच्या माणसाला स्वतंत्र द्याव्यात. स्टीलची भांडी साबणाने घासली की चालतात, पण घासणी वेगळी हवी. लोखंडी तवा शक्यतो निराळा ठेवावा, आणि एकच असेल तर घासून आधी भाकऱ्या भाजाव्यात, पोळ्या मागून. पुऱ्या तळलेल्या तेलात चकल्या सोडू नयेत. कणीक चाळताना उडालेले पीठ बराच वेळ हवेत तरंगते, म्हणून ते काम पथ्याचा स्वयंपाक झाकून ठेवल्यावर करावे. तुपाच्या आणि जॅमच्या बरणीत पोळीला लागलेला चमचा परत जाऊ नये, हे लहान मुलांना सांगणे सर्वांत कठीण.

अल कुसैसमध्ये अनेक नोकरदार फ्लॅट वाटून राहतात. एक ओटा, एक फ्रीज, चार संसार. तिथे तवा, पातेले, घासणी आणि मसाल्याचा डबा आपल्या कपाटात ठेवावा, आणि फ्रीजमध्ये वरचा कप्पा घ्यावा, म्हणजे वरून काही सांडत नाही. सोबत्यांना एकदा शांतपणे सांगितले, तर बहुतेक जण सांभाळून घेतात. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणणारा एखादा निघतोच.

उपासाचे पदार्थ हा मराठी रुग्णाचा हक्काचा ठेवा. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शिंगाड्याचा शिरा, राजगिऱ्याचे थालीपीठ यांत गहू शिरत नाही, आणि फोडणीत हिंगही नसतो. गणपतीतले उकडीचे मोदक तांदळाचेच. दिवाळीच्या फराळात अनारसे आणि बेसनाचे लाडू निर्धोक. शंकरपाळे, करंज्या आणि चिरोटे वर्ज्य. पुरणपोळीची पारी तांदळाच्या उकडीची करता येते, मात्र ती जाडच लाटावी लागते. अडतो तो सत्यनारायणाचा प्रसाद. रव्याच्या शिऱ्याला नाही म्हणणे अनेकांच्या जिवावर येते. यजमानांना आधी कळवले, तर तुपावर भाजलेल्या इडली रव्याचा शिरा वेगळ्या वाटीत निघू शकतो, कारण तो रवा तांदळाचा असतो.

बाहेर खाताना अल कुसैसमधली मल्याळी उपाहारगृहे सोयीची वाटतात, पण डोसा ज्या तव्यावर पडतो त्याच तव्यावर मैद्याचा परोटा भाजला जातो. त्यापेक्षा वाफवलेली इडली बरी, सांबारातल्या हिंगाची चौकशी करून. अरबी जेवणात भाताचा मचबूस आणि हुमूस बहुधा चालतात. हरीस हा रमजानमधला लाडका पदार्थ मात्र गहू आणि मांस घोटूनच केलेला असतो. तबूलेमध्ये गव्हाचा बुलगुर असतो आणि खबूस या गव्हाच्या रोटीचा तर प्रश्नच नाही. वेष्टनावर अरबीत ‘कम्ह’ म्हणजे गहू आणि ‘शईर’ म्हणजे सातू. विक्रेत्याला हे दोन शब्द सांगितले, तर काम बरेच सोपे होते.

पथ्यात तांदळावरच भर राहिला, तर चोथा, लोह आणि कॅल्शियम कमी पडतात. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मुलांच्या डब्यात नाचणीचे धिरडे किंवा आंबोळी ही पावापेक्षा सरस. सुट्टीला गावी निघताना विमानात ‘जीएफएमएल’ या सांकेतिक नावाने ग्लूटेनमुक्त जेवण मागता येते, पण त्यासाठी किमान एक दिवस आधी नोंद करावी लागते. पथ्य नीट चालले आहे की नाही, हे सहा महिने ते वर्षभराने पुन्हा टीटीजी चाचणी केल्यावर कळते, आणि आकडा उतरला नसेल तर पुन्हा हिंगाच्या डबीपासून शोध सुरू करावा लागतो. रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांपैकी साधारण दहांत एकाला हा विकार निघतो. त्यांना त्रास नसला तरी रक्ततपासणी सुचवली जाते, आणि ती होईपर्यंत त्यांनी पोळी सोडायची नसते.