शिवेपलीकडचे नियोजन

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील डोणगाव हे मेहकर-मालेगाव मार्गावरील गाव. येथून पूर्वेकडे गेल्यास वाशीम जिल्ह्याची हद्द लागते. महसुली नकाशावर ही हद्द स्पष्ट असली, तरी नाल्याचे पाणी, शेतमालाची वाहतूक अथवा रुग्णांची ये-जा तिच्यापाशी थांबत नाही. वरच्या शिवारात नाला अडविला की खालच्या गावातील विहिरींवर परिणाम होतो. एका ग्रामपंचायतीने शिवेपर्यंत बांधलेला रस्ता शेजारच्या ग्रामपंचायतीने पुढे नेला नाही, तर त्यावरील खर्च व्यर्थ ठरतो. म्हणूनच शेजारी स्थानिक संस्थांनी एकत्रित विचार करणे अगत्याचे आहे.

कायद्याने यासाठी मार्ग आखून दिले आहेत. समान हिताच्या कामासाठी ग्रामपंचायतींना संयुक्त समिती नेमता येते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये एखादा प्रदेश निश्चित करून तेथील जमिनीचा वापर, रस्ते व पाणी यांची प्रादेशिक योजना तयार करता येते. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, जिल्हा नियोजन समितीची तरतूद झाली. या समितीचे किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांमधून निवडले जावेत, असे संविधान सांगते. पाण्याची वाटणी आणि पायाभूत सोयींचा एकात्मिक विकास हे विषय समितीने विचारात घ्यावयाचे आहेत.

तथापि, ही समिती एका जिल्ह्यापुरती असते. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे आज डोणगाव परिसरातील सीमेवरचे एखादे सामायिक काम दोन जिल्ह्यांच्या आराखड्यांत समाविष्ट व्हावे लागते. एका बाजूस मंजुरी व दुसऱ्या बाजूस विलंब झाल्यास काम अर्धवट राहते. दोन्ही जिल्हे अमरावती विभागात असल्याने विभागीय पातळीवर समन्वय साधता येतो; परंतु मागणीचा आरंभ गावांतूनच व्हावयास हवा.

७०१ किलोमीटर लांबीचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग या दोन्ही जिल्ह्यांतून जातो. ५ जून २०२५ रोजी तो संपूर्ण खुला झाला. अशा मार्गालगत गोदामे, उपाहारगृहे व वस्त्या वाढू लागतात. प्रत्येक गावाने स्वतंत्रपणे निर्णय घेतल्यास सुपीक जमीन व सांडपाण्याचे प्रश्न पुढील पिढीच्या माथी येतील.

यास्तव शेजारच्या ग्रामसभांनी सामायिक कामांची यादी एकत्र करावी, समान आशयाचे ठराव संमत करावेत आणि खर्चाचा व देखभालीचा वाटा आरंभीच लेखी ठरवावा. शेजारधर्माला अशा लेखी कराराची जोड मिळाली, तरच सीमेवरची गावे विकासात मागे राहणार नाहीत.