आमवाताचं सांध्यातलं इंजेक्शन: जुलैअखेर धावाधाव नको, आत्ताच दाखवून घ्या

बंदी सुरू झाली. १ जूनपासून बोटी किनाऱ्याला लागल्या, जाळी शेडमध्ये आली. आता ३१ जुलैपर्यंत इंजिन उघडणं, रंगकाम, जाळी विणणं, कागदपत्रं नवी करणं, हे सगळं चालणार. या यादीत आम्हाला यंदा आणखी एक काम घालायचं आहे: सुजलेले, आखडलेले सांधे डॉक्टरांना दाखवणं.

कारण दरवर्षी होतं उलटंच. दोन महिने कोणी काही बोलत नाही. जुलै संपत आला की मग विचारणा सुरू होते, "हात चालत नाही हो, एक सुई मारून मिळेल काय कुठं? परवा समुद्रात जायचं आहे." तांडेल विचारतात, खलाशी विचारतात. जेटीवर मासळी निवडणाऱ्या आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या आमच्या बाया तर विचारतही नाहीत, बोटं चोळत काम करत राहतात. आमवात, डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो मात्र पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट जास्त होतो. बर्फात हात घातल्यानं तो होतो असं नाही. पण झाल्यावर तो बर्फ सोसवत नाही, हे त्यांनाच विचारा.

प्रत्येक दुखणारा गुडघा आमवाताचा नसतो. वर्षानुवर्षं जाळं ओढून गुडघा झिजतो ते वेगळं, अंगठ्याच्या सांध्यात अचानक आग होते ते युरिक ॲसिडचं असू शकतं. आमवातात सहसा दोन्ही हातांची बोटं, मनगटं, पायांचे छोटे सांधे सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, आणि हा आखडलेपणा अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त टिकतो. शरीराची रोगाशी लढणारी फौज चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. वेळेत आवरलं नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं, आणि वाकडी झालेली बोटं कुठल्याही इंजेक्शननं सरळ होत नाहीत.

आता ते इंजेक्शन. अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये आमवाताच्या रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिझोन दिलं, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये त्यांना सहकाऱ्यांसोबत नोबेल मिळालं. पण ते औषध अंगभर, रोज, मोठ्या डोसात देत गेल्यावर दुष्परिणामही तितकेच मोठे दिसले. त्याच सुमारास फिलाडेल्फियाच्या डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी ते थेट सुजलेल्या सांध्यात टोचायला सुरुवात केली. औषध थोडं, आणि बरंचसं जिथं आग लागली आहे तिथंच. आजही पद्धत तीच आहे. डॉक्टर जागा नीट स्वच्छ करतात, सांध्यात पाणी साठलं असेल तर आधी काढून घेतात, मग ट्रायॲम्सिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोनसारखं स्टिरॉइड सोडतात. बऱ्याचदा सोबत बधिर करणारं औषध असतं, म्हणून लगेच बरं वाटतं. तो गुण काही तासांचा. खरा गुण दोन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानं येतो आणि काही आठवडे ते काही महिने राहतो.

नेमका इथंच घोटाळा होतो. दुखणं गेलं म्हणजे रोग गेला असं वाटतं, आणि गोळ्या बंद होतात. इंजेक्शन एका सांध्याची सूज उतरवतं, आमवात मात्र साऱ्या शरीरात असतो. त्याला धरून ठेवणारं औषध वेगळं. बहुतेकांना सुरुवातीला मेथोट्रेक्सेट देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून ठरलेला वार घरातल्या दोघा-तिघांना माहीत असू दे. रक्त तपासत राहावं लागतं. दारू आणि ही गोळी दोन्हींचा भार लिव्हरवर पडतो, तेव्हा उर्राकप्रेमींनी डॉक्टरांना खरं काय ते सांगावं. मूल हवं असलेल्या किंवा गरोदर बाईनं तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातात घेऊच नये.

या गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. बंदी ६१ दिवसांची. हिशेब तुम्हीच करा. जूनच्या पहिल्या आठवड्यात उपचार सुरू झाला तर ऑगस्टपर्यंत औषधाला पाय रोवायला वेळ मिळतो, आणि मधल्या दिवसांत फार त्रास देणाऱ्या एखाद्या सांध्याला इंजेक्शनचा आधार देता येतो. इंजेक्शनचं खरं काम हेच. ३० जुलैला टोचून घेतलं तर ना विश्रांती, ना गोळी लागू पडायला अवधी.

विश्रांतीचं म्हणाल तर पहिले एक-दोन दिवस तो सांधा शांत ठेवायचा, आणि जाळं ओढण्यासारखं जड काम निदान आठवडाभर टाळायचं. काहींना पहिल्या दिवशी दुखणं उलट वाढतं, ते बहुधा दोन दिवसांत उतरतं. पण त्यानंतरही सांधा लाल, गरम होऊन दुखणं चढतच गेलं किंवा ताप आला, तर आत जंतू शिरलेले असू शकतात. क्वचितच होतं, पण झालं तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावं लागतं. आठ-आठ दिवस बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरवर ते कसं जमणार? बोटमालकांनी हे ध्यानात घ्यावं. खलाशी काल इंजेक्शन घेऊन आला असेल तर त्याला एक फेरी किनाऱ्यावर ठेवलेलं बरं.

मधुमेह असलेल्यांची साखर इंजेक्शननंतर काही दिवस वर जाते. आधी सांगा, घरी तपासत राहा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही सांगा. एकाच सांध्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त इंजेक्शनं सहसा देत नाहीत. वरचेवर गरज पडू लागली तर मूळ औषध कमी पडतंय असं समजून ते बदलायला सांगावं, नवा सुईवाला शोधू नये.

सुईवाल्यांबद्दल एकच बोलतो. कमरेत मारलेली "ताकदीची" सुई आणि सांध्यातलं इंजेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव नसलेल्या पुड्यांनी एका रात्रीत सांधे मोकळे होतात, तेव्हा शंका घ्या. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आपल्या देशात आहेत. मात्र कोणी महिनोन्‌महिने असलं काही घेत असेल तर ते एकदम बंदही करू नका. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, आणि अचानक थांबवल्यास माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ओशाळू नका.

आता आपल्या धंद्याची गोष्ट, जी शहरातल्या डॉक्टरला आपण सांगितल्याशिवाय कळणार नाही. शिंगाळ्याचा काटा, खेकड्याची नांगी, कोळंबीचं टोक हाताला लागणं आपल्याला रोजचंच. अशा जखमेतून क्षयरोगाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, आत शिरू शकतो. जखम भरून जाते, आणि काही आठवड्यांनी तेच बोट किंवा मनगट हळूहळू सुजतं. पाहणाऱ्याला ते सांधेदुखीसारखंच वाटतं. त्यात स्टिरॉइड टोचलं तर जंतूंना मोकळं रान मिळतं. त्यावर उपाय म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी जंतुनाशक औषधं. म्हणून एकाच हाताचं एकच बोट सुजलं असेल तर "मी मासळीचं काम करते, अमुक महिन्यात काटा लागला होता" हे पहिल्या वाक्यात सांगा. हातावर ताजी, पिकलेली जखम असताना तर इंजेक्शन घेऊच नका.

दाखवायला बांबोळीचं गोमेकॉ आहे, म्हापसा आणि मडगावची जिल्हा इस्पितळं आहेत. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधी कुठल्या सांध्यात कधी इंजेक्शन घेतलं त्याची तारीख, एवढं सोबत न्या. शक्य तर सकाळी, बोटं आखडलेली असतानाच पोचा. दुपारपर्यंत हात मोकळे होतात आणि मग डॉक्टरांना दाखवायला काही उरत नाही.